क्वार्टेटमधला एक माणूस गेला तर काय करायचं

क्वार्टेट म्हणजे चार वेगवेगळ्या सुरांत मिळून गाणारे चौघं, आम्ही चर्चमध्ये आणि लग्नांत गातो. आमच्या चौघांच्या क्वार्टेटमध्ये अकरा वर्षांत नऊ माणसं गाऊन गेली. खुर्च्या चारच. कोण पुण्याला गेला, कोण गोव्याला, एक मिलिटरीत होता त्याची बदली झाली, एकाला उद्यमबागेत फाउंड्रीत सेकंड शिफ्ट लागली ती लागलीच, आणि एक भांडून गेला त्याचं खाली सांगतो. बेळगावात चार आवाज एकत्र धरून ठेवणं म्हणजे जुलैमध्ये खानापुरात कपडे वाळवणं आहे, वाळतात, नाही असं नाही, पण दोरीवरून काढेपर्यंत परत एक सर येते.

तर मेंबर बदलला की काय काय करायचं हे आमच्याकडची दोन-तीन नवीन पोरं सारखी विचारतात, निपाणीकडचा एक ग्रुप तर बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गेला म्हणून बंदच पडला, म्हणून एकदाच सगळं टाइप करतोय. कॉयरवाल्यांना, म्हणजे चर्चच्या मोठ्या गायनवृंदाला, यातलं निम्मंच लागू पडेल. भजनी मंडळातपण तसंच, पंधरा जणांतला एक नाही आला तर कोरस जरा बारीक वाटतो एवढंच. चौघांत एक गेला की घराची एक भिंतच गेली.

आधी खुर्च्या समजून घ्या. अमेरिकेतल्या चर्चमधून गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या, क्वार्टेटची जी पद्धत आली तिच्यात वरून खाली टेनर, लीड, बॅरिटोन, बेस असे चार भाग असतात. चाल लीडकडे. टेनर त्याच्या वर. बेस खाली जमीन धरतो. बॅरिटोनला उरलेला सूर मिळतो, आणि उरलेला म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात, पण मला विचाराल तर तोच सगळ्यात अवघड, कारण त्याला स्वतःची अशी चालच नसते, त्याला एकट्याला गायला लावलं तर गाणं कुठलं ते त्याच्या बायकोलापण ओळखू येत नाही. सरगममध्ये सांगायचं तर लीड सा वर थांबला असेल तेव्हा टेनर वरच्या ग वर, बॅरिटोन खालच्या प वर आणि बेस खर्जातल्या सा वर. आता यातला टेनर काढा, राहिले सा आणि प, म्हणजे तंबोराच झाला की. बॅरिटोन काढा, सा आणि ग राहतात, गोड लागतं पण पोकळ. म्हणजे कोण गेलाय त्यावर गाणं कुठून मोडणार ते ठरतं, आणि आधी ते बघायचं, लगेच फोन फिरवत बसायचं नाही.

पण सगळ्यात पहिलं काम कोणी जायच्या आधीच करून ठेवायचं असतं, जे आम्ही केलं नव्हतं. आमचे बेसवाले मामा सहा वर्षं गात होते, सगळं तोंडपाठ, वहीला हातसुद्धा लावायचे नाहीत. रिटायर झाले आणि मुलाकडे हुबळीला राहायला गेले. मग आमच्या लक्षात आलं की वीस-बावीस गाण्यांचा बेस कुठेच लिहिलेला नाही, आणि आम्ही तिघं लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ मागून आणून, जनरेटरच्या आवाजातून, मामा दुसऱ्या कडव्याला खाली उतरतात का वर जातात ते कान लावून शोधत बसलो होतो. दोन महिने गेले त्यात. फोनवर मामांना गायला लावलं तर म्हणाले, तुम्ही तिघं बाजूला गात असाल तरच मला आठवतं, एकट्याला नाही आठवत वो. खरंच आहे ते, बेस आणि बॅरिटोनवाल्यांचं असंच असतं.

म्हणून आता नियम केलाय. गाणं बसलं की त्याच आठवड्यात प्रत्येकाने आपला भाग फोनमध्ये वेगळा रेकॉर्ड करायचा, एका कानात इअरफोनवर लीड चालू ठेवून, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये फक्त त्याचाच आवाज येतो. सुरुवातीला तोंडाने बोलायचं, गाणं अमुक, पट्टी पांढरी चार (म्हणजे सा पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर), बॅरिटोन. फाइल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून सोडून देऊ नका, फोन भरला की पहिले तेच डिलीट होतं, ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा (एकाकडेच होता तर काय होतं ते विचारू नका). आणि वहीत सरगम. चार रंगांची पेनं आणून चारी भाग एकाखाली एक लिहा, घाणेरडं अक्षर असलं तरी चालेल.

आता समजा बातमी आली. बातमी नेहमी रात्री साडेनऊला ग्रुपवर येते, "ब्रदर्स, जॉब मिळाला, प्रार्थना करा". अभिनंदन करा, मनापासून करा, आणि मग दुसऱ्या दिवशी फोन करून एकच विचारा की शेवटचा रविवार कुठला. तारीख घ्या. "बघूया, अधूनमधून येत राहीन" हे ऐकून गप्प बसू नका, गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट पावसाळ्यात उतरून-चढून दर आठवड्याला प्रॅक्टिसला येणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही. तारीख मिळाली की तोपर्यंतच्या सगळ्या प्रॅक्टिस त्याने नव्या माणसाच्या शेजारी उभं राहून करायच्या. मी चार प्रॅक्टिस तरी मागून घेतो. पहिल्या दोनला जुना गातो नवा ऐकतो, तिसऱ्याला दोघं मिळून, चौथ्याला नवा गातो आणि जुना समोर जाऊन बसतो. हे समोर बसणं महत्त्वाचं आहे, कारण शेजारी उभा असला तर नवा त्याच्याच आवाजावर टेकून गातो आणि आपल्याला वाटतं झालं तयार.

नवा माणूस अजून नसेल तर मधल्या काळात तिघांनी काय करायचं? सरळ तीन भागांत गा, किंवा कोरस सगळ्यांनी एकाच सुरात आणि कडवं लीडने एकट्याने. बेस गेला असेल तर कीबोर्डवाल्याचा डावा हात थोडे दिवस काम भागवतो. पण एक खुर्ची रिकामी झाली म्हणून दुसरी हलवू नका. आम्ही ही चूक केली आहे. लीड गेला, आमच्या बॅरिटोनला सगळे शब्द पाठ होते म्हणून त्याला पुढे उभं केलं आणि बॅरिटोनला नवा पोरगा घेतला, म्हणजे एक माणूस गेला आणि अनोळखी जागेवर उभे दोघं. खानापुरात एका लग्नात तिसऱ्या ओळीला जुना बॅरिटोन सवयीने स्वतःच्या जुन्या सुरावर गेला, नवापण तिथेच, चाल कोणाकडेच नाही. नवरीकडच्या एका आजीबाईंनी खालून चाल धरली म्हणून गाणं संपलं. आजही त्या भेटल्या की हसतात.

माणूस कुठून आणायचा, तर कॉयरच्या मागच्या रांगेतून. जो नाताळला सोलो गातो आणि सगळे म्हणतात काय आवाज आहे, त्याला शेवटी विचारा, आधी नको. मला त्याच्याबद्दल काही नाही, पण सोलोवाल्याला चाल सोडवत नाही. मी तीन गोष्टी बघतो. एक म्हणजे त्याला सा धरून उभं करायचं आणि त्याच्या कानाजवळ आपण ग लावायचा, मग प, मग मुद्दाम रे. आपल्याकडे घसरत आला तर अजून वेळ आहे, हलला नाही तर निम्मं काम झालं. दुसरं, अक्षर कसं बंद करतो. "प्रभू" मधला ऊ चौघांचा एकाच वेळी संपला पाहिजे, एकाचा लांबला की कितीही गोड असला तरी तो एकटाच ऐकू येतो. तिसरं, गुरुवारी साडेसातला सांगितलं तर साडेसातला येतो का. तिसऱ्यात पास आणि पहिल्यात काठावर, असा पोरगा मी दहा वेळा घेईन.

मग पट्टी. इथं बरेच ग्रुप हट्ट धरतात की आमचं हे गाणं पांढरी चारमध्येच आहे, नव्याने तिथेच गायचं. नव्याला आधी पेटीवर बसवा, त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आरामात लागणारा सूर बघा, ताणून लागणारा नको, सकाळी आठच्या उपासनेला ताणलेला सूर लागत नाही. आता समजा नवा लीड पांढरी चारला ओरडतोय आणि काळी दोनला छान गातोय. उतरवा खाली, पण उतरवताना बेसकडे बघा, कारण पांढरी चारचा खर्जातला सा जो माणूस जेमतेम लावत होता त्याला काळी दोनचा अजून दोन घरं खाली लावायचाय आणि तिथं नुसती हवा येते. मग बेसच्या चार-पाच जागा बदलाव्या लागतात, खालच्या सा ऐवजी प वर थांबवायचं वगैरे. उलटं झालं, पट्टी चढवली, तर टेनर मरतो. म्हणजे एक माणूस बदलला की गाणं चौघांचंच बदलतं, त्याची तयारी ठेवा. आणि एक, पट्टी ठरली की निम्मी प्रॅक्टिस पेटीशिवाय करा. पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर लावलेले असतात त्यामुळे तिचा ग जरा चढा असतो, चार माणसं पेटी बंद करून नीट ऐकत गायली की टेनरचा ग आपोआप किंचित खाली बसतो आणि मग तो जो घुमतो, खोलीत पाचवा कोणीतरी गातोय असं वाटतं. नवा माणूस आपल्यात मिसळला का नाही ते मला तिथं कळतं, स्टेजवर नाही.

आपल्या भागातली एक वेगळी अडचण आहे ती पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. नवा येणारा कन्नड मीडियमचा असतो. मराठी घरात बोलतो, पण देवनागरी वाचताना अडखळतो, आणि गाण्याचे शब्द कन्नड लिपीत लिहून घेतो. घेऊ दे, काही बिघडत नाही, फक्त "चरण" मधला च आणि "चांगला" मधला च कन्नडमध्ये एकाच अक्षराने लिहावा लागतो, ज चं पण तसंच, आणि वाचून गाणारा दोन्ही एकसारखेच म्हणतो. तिघांचा एक च आणि चौथ्याचा दुसरा, माइकवर हे चटकन कळतं. उपाय सोपा आहे, त्याच्या कागदावर "चांगला"वाल्या च खाली लाल टिंब द्या. उलट कन्नड गाणं असलं की आमचं मराठीवाल्यांचं वाट्टोळं होतं, तेव्हा हाच पोरगा आमचा मास्तर असतो, म्हणून चेष्टा करायची नाही. कार्यक्रमात दोन्ही भाषा असतातच, आमच्याकडे तर एकाच लग्नात मराठी, कन्नड, कोकणी आणि शेवटी एक इंग्लिश.

नवीन माणूस तयार झाला, उभा राहिला, आणि खालून कोणीतरी म्हणतंच, आधीचा बरा होता. यावर काय करायचं? अमेरिकेतल्या जुन्या क्वार्टेटचं ऐकत बसायचं वेड आहे मला, त्यातलं एक सांगतो. सोल स्टरर्स म्हणून टेक्सासमधून आलेला ग्रुप, त्यांचा लीड होता आर. एच. हॅरिस, त्या काळात त्याच्यासारखा लीड नाही असं सगळे म्हणायचे. त्याने १९५० मध्ये ग्रुप सोडला आणि त्याच्या जागी आला सॅम कुक, वय १९. सुरुवातीला पोरगा हॅरिससारखंच गायला बघायचा आणि हॅरिसच्या जागा काही त्याच्या गळ्याला झेपायच्या नाहीत. मग हळूहळू त्याने ओरडणं सोडलं आणि स्वतःची ती मऊ, लहरत जाणारी पद्धत काढली, आणि पुढे लोक त्याच्यासाठीच येऊ लागले. त्यामुळे नव्याला जुन्याचं रेकॉर्डिंग द्या ते सूर शिकायला. आवाज काढायला नाही. सूर पाठ झाले की ते रेकॉर्डिंग त्याच्याकडून काढून घेतलं तरी चालेल, मी तर घेतो.

दुसरं ब्लॅकवुड ब्रदर्सचं. १९३४ मध्ये मिसिसिपीत घरच्याच माणसांनी सुरू केलेला ग्रुप. ३० जून १९५४ ला अलाबामातल्या क्लॅंटनला त्यांचं विमान पडलं, बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बेस बिल लाइल्स दोघंही गेले. त्याच महिन्यात टीव्हीवर मोठी स्पर्धा जिंकले होते. उरलेल्यांनी बंद करतो म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. बॅरिटोनला आर. डब्ल्यू.चा भाऊ सेसिल आला, बेसला जे. डी. समनर आला, जो नंतर एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे गायचा, आणि त्याचा आवाज इतका खाली जायचा की आधीच्या बेसची जागा भरली असं कोणी म्हणूच शकत नव्हतं, ती जागाच वेगळी झाली. आमच्याकडे बेसवाले मामा गेल्यावर जो आला त्याचा खर्ज मामांच्या निम्मापण नाही, पण वर तो असा साफ गातो की आम्ही दोन गाण्यांत बेसलाच चाल दिली. मामांच्या वेळी हे सुचलंच नव्हतं.

चौघांतले किमान दोघं मात्र टिकणारे असावेत. अमेरिकेतल्याच कॅथेड्रल क्वार्टेटमध्ये लीड ग्लेन पेन आणि बेस जॉर्ज यन्स हे दोघं १९६४ पासून १९९९ पर्यंत होते, टेनर आणि बॅरिटोन येत-जात राहिले, तरी ऐकणाऱ्याला ग्रुप तोच वाटायचा. आमच्यात मी आणि आत्ताचा लीड, आमची दोघांची घरं इथलीच, नोकऱ्या इथल्याच, आम्ही कुठे जात नाही. विद्यार्थी घ्या, जरूर घ्या, पण चारही विद्यार्थी असलेला ग्रुप म्हणजे शेवटच्या सेमिस्टरला चारही खुर्च्या एकदम रिकाम्या.

यावर खरा इलाज म्हणजे दुसरी टीम. शिकागोत हायवे क्यूसीज म्हणून पोरांचा क्वार्टेट होता, त्यांना शिकवायला सोल स्टरर्सचा बॅरिटोन जायचा. सॅम कुक त्याच पोरांच्या ग्रुपमधून वर आला, आणि १९५७ मध्ये त्याने सोल स्टरर्स सोडलं तेव्हा त्याच्या जागी आलेला जॉनी टेलर, तोपण तिथलाच. म्हणजे दुकानात माल संपायच्या आधीच गोदामात भरलेला. आपण काय करतो, संडे स्कूलच्या पोरांना नाताळला अॅक्शन साँग शिकवतो आणि बारावीनंतर ती दिसत नाहीत. आम्ही तीन वर्षांपूर्वी चार पोरं धरली, आमच्याच गाण्यांचे आमचेच भाग त्यांना शिकवतो, महिन्यातून एका रविवारी तीच गातात. फक्त आवाज फुटत असलेल्या वयाच्या पोराला कुठला भाग ते ठरवून टाकू नका, आमचा एक टेनर दहावीच्या सुट्टीत गेला आणि बॅरिटोन होऊन परत आला. आणि नाव चौकडी म्हणून चारच पाहिजेत असंही काही नाही, सोल स्टरर्समध्ये हॅरिसच्या वेळेपासून दोन लीड आलटून-पालटून गायचे, माणसं पाच, नाव क्वार्टेटच. एक जास्तीचा माणूस असला की कोणाच्या शिफ्टचं टेन्शन राहत नाही.

आता पैसे आणि कपडे, पटकन सांगतो. लग्नात, गृहप्रवेशाला जे पाकीट मिळतं त्याचं काय करायचं ते नवा माणूस आला त्याच दिवशी तोंडावर सांगा. पेट्रोल आधी, मग साउंडवाला, मग उरलं तर पाच भाग, पाचवा ग्रुपचा. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यातूनच तो एक भांडून गेला, आणि खरं सांगू का, चूक त्याची नव्हती, त्याला वाटलं आम्ही दोघं जुने मिळून ठेवतोय. कपड्यांचं म्हणजे चौघांच्या मापाचे कोट शिवू नका. आम्ही खडेबाजारातून एकच कापड घेऊन शिवले होते, चार महिन्यांत टेनर बदलला, नवा सव्वासहा फूट, कोट त्याच्या कोपरापर्यंत. आता रेडिमेड काळं जॅकेट ज्याचं त्याने आणायचं आणि टाय ग्रुपचे, टाय सगळ्यांना बसतो.

गेलेला परत आला तर? हे होतंच, कॉन्ट्रॅक्ट संपतं, आईवडील थकतात, माणूस घरी येतो. अमेरिकेतल्याच ओक रिज बॉइज या चौघांच्या ग्रुपने १९८७ मध्ये आपल्या बॅरिटोनला, विल्यम ली गोल्डनला, काढलं, त्याच्या जागी बँडमधल्याच गिटारवाल्याला घेतलं, आणि १९९५ संपता संपता गोल्डन परत त्याच जागी आला. चालतं. पण मधल्या काळात ज्याने ती खुर्ची सांभाळली त्याला उठवून जुन्याला बसवायचं का, हे दोघांच्याही तोंडावर, एकाच खोलीत बसून बोला. आम्ही परत आलेल्याला पोरांच्या टीमकडे दिलं. पहिले दोन महिने तोंड फुगलं होतं, आता पोरं त्याला सोडत नाहीत.

निरोप मात्र नीट द्या. शेवटच्या रविवारी पाळकसाहेबांना सांगून मंडळीसमोर त्याच्यासाठी प्रार्थना, आणि शेवटचं गाणं जुना आणि नवा दोघं शेजारी उभे राहून, पहिलं कडवं जुना, दुसरं नवा. लोकांना न सांगता कळतं. मग तोंड गोड करायला कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, कुठल्या दुकानातला यावर जरा वाद होतो, ते चालू दे.

परवा प्रॅक्टिस झाल्यावर आमचा आत्ताचा टेनर गाडी काढता काढता म्हणाला, अण्णा, बेंगळूरच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू हाय शुक्रवारी. मी म्हटलं जाऊन ये की, आणि घरी येऊन पोरांच्या टीममधल्या टेनरला मेसेज टाकला, गुरुवारी साडेसातला ये, पेन घेऊन ये.